उरलेली तेवीस मिनिटं

सभागृहात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सदस्य, शिपाई, पत्रकार, सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. बाईही त्या नावाला इतक्या सरावल्या होत्या, की बँकेत कुणी खऱ्या नावाने पुकारलं तर त्या आधी मागे वळून बघत. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली अठरा टेबलावर. टेबल म्हणजे अध्यक्षांच्या उंच खुर्चीखालचं लांबलचक टेबल. मध्ये सचिव बसत आणि डाव्या टोकाला बाई. त्यांच्यासमोर एक घड्याळ, रकाने आखलेला एक तक्ता आणि तीन बटणं. पिवळा दिवा लागला की सदस्याचं एक मिनिट उरलं, लाल लागला की वेळ संपली, आणि तरीही तो बोलत राहिला तर घंटा.

कुठल्या पक्षाला किती मिनिटं, हे त्यांच्या संख्येवरून ठरे. बाई ते तक्त्यावर मांडत आणि कोण किती बोललं ते पुढे लिहीत. चर्चेआधी सदस्य टेबलाशी येऊन खाली वाकत. "बाई, मला किती?" बाई सांगत, "सहा." मग तो म्हणे, "आज तुमचं घड्याळ जरा सावकाश चालवा." हा विनोद प्रत्येक अधिवेशनात निदान दहा जण करत, आणि दहाही जणांना तो आपल्यालाच सुचला असं वाटे. बाई दर वेळी सारखंच, अर्धं हसत.

ही जागा त्यांच्याआधी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "घंटा वाजवताना वर बघायचं नाही. माणूस दिसला की हात जड होतो." बाईंनी ते तंतोतंत पाळलं. वर न बघता त्यांनी विद्वानांना थांबवलं, मूर्खांना थांबवलं, एकदा तर रडणाऱ्या एका माजी सैनिकालाही थांबवलं. हळूहळू त्यांना वाक्यं ऐकू येईनाशी झाली, फक्त माणसाचा श्वास ऐकू येई. सदस्य "आता शेवटचा मुद्दा" म्हणाला की अजून तीन शिल्लक आहेत, हे त्यांना कळे. घरी यजमान गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्याकडे भांडणसुद्धा वेळेत संपतं." यजमान शिंपी होते. तळमजल्यावर दुकान आणि वर दोन खोल्या. संध्याकाळी बाई जिना चढून आल्या की पहिला अर्धा तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे घरात न सांगता ठरलेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी मोजून आलेल्या बाईला शांतता लागे.

बाईंना एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच बाईंच्या वेण्या घातल्या, आजारपणं काढली. टायपिंगच्या वर्गाला धाकटीने जावं म्हणून तिने स्वतःचं शिवणकाम वाढवून घेतलं होतं. ताईचे यजमान, भाऊजी, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पंपावर होते. गडी बोलका. घरात नळ सुरू केला की म्हणायचे, "हे बघ, मी पाठवलंय." तीस वर्षं तेच वाक्य, आणि ताई तीस वर्षं "हो हो, उपकार झाले" असं म्हणत आली.

एका सकाळी केंद्रातल्या सिलिंडरची झडप फुटली. पाणी निर्जंतुक करायला जो वायू वापरतात, तो खोलीभर पसरला. मुख्य झडप आतून बंद केली नसती तर वायू शेजारच्या वस्तीत जाणार होता. भिंतीवरच्या कपाटात मास्क होते, पण त्यांचं रबर तडकलं होतं आणि गाळण्यांची मुदत दोन वर्षांमागेच संपली होती. भाऊजी आणि आणखी दोघे तोंडाला ओले फडके बांधून आत गेले. झडप बंद झाली. ते दोघे तिथेच दगावले. भाऊजी रांगत बाहेर आले, ते फुप्फुसं जाळून घेऊनच. तेव्हापासून ते चार पायऱ्या चढले की पाचवीवर बसत. बोलणंही तुटक झालं. तीन-चार शब्द, मग थांबणं, मग पुढचे तीन-चार.

चौकशी समिती नेमली गेली. तिने चार महिन्यांत अहवालही दिला, आणि तो मंत्रालयाच्या कपाटात जाऊन बसला. केंद्रातल्या लोकांमध्ये एवढंच बोललं जाई, की नवे मास्क मागणारं पत्र तीनदा वर गेलं होतं. ते तिन्ही वेळा कुणी वाचलं आणि कुणी बाजूला ठेवलं, ते अहवालात आहे म्हणत. ताईने अर्ज केले. उत्तरं आली, सगळी एकाच साच्यातली. शेवटी ती आपल्या भागातल्या सदस्याकडे गेली. हा माणूस आधी शाळेत गणित शिकवत असे, म्हणून सभागृहात त्याला मास्तर म्हणत. छोट्या पक्षाचा, पहिल्यांदाच निवडून आलेला. त्याने सरकारच्या जबाबदारीवर दोन तासांची चर्चा मागितली आणि कशी कोण जाणे, ती मिळाली.

मिळाली, पण होईना. ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी मंत्रिमंडळात फेरबदल झाला. ज्यांच्या काळात ती पत्रं आली होती ते मंत्री वाहतूक खात्यात गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी अभ्यासाला वेळ मागितला. दुसरी तारीख एका परदेशी पाहुण्याच्या भाषणात गेली. तिसऱ्या तारखेआधी दुसऱ्या मंत्र्यांनी भलत्याच कारणावरून राजीनामा दिला आणि सहा आठवडे खात्याला कुणी वालीच नव्हता. चर्चेचं असं भिजत घोंगडं पडलेलं बाई रोज बघत होत्या, कारण पुढच्या आठवड्याचा कामकाजाचा मसुदा त्याच टाइप करत. दर वेळी ती ओळ टाइप करायची, आणि दर वेळी दोन दिवसांनी खोडायची. ताई फोनवर विचारे, "या आठवड्यात आहे का गं?" बाई म्हणत, "मसुद्यात आहे." ताईला मसुदा म्हणजे काय ते एव्हाना कळलं होतं. ती फक्त "बरं" म्हणे.

चौदा महिन्यांनी तिसऱ्या मंत्री आल्या. बाईमाणूस, वयाने पन्नाशीच्या, पूर्वी डॉक्टरकी केलेल्या. त्यांना खातं मिळून नऊ दिवस झाले असताना चर्चेचा दिवस उजाडला आणि या वेळी तो कुणी खोडला नाही.

बाई सकाळीच सचिवांच्या खोलीत गेल्या. सचिव निवृत्तीला टेकलेले, भला माणूस, पण कशाचंही ओझं वाटून घ्यायचं नाही असं ठरवलेले.

"साहेब, आजचा विषय माझ्या बहिणीच्या यजमानांचा आहे. आज मला टेबलावर बसवू नका."

सचिवांनी चष्मा काढला. "सहायक रजेवर आहे, बाई. दुसरं कोण बसणार? आणि तुम्ही घंटा वाजवता, मत देत नाही."

"तरी मी सांगितलं, एवढी नोंद असू द्या."

"असू द्या," सचिव म्हणाले आणि एका कागदावर दोन ओळी लिहून त्यांनी तो खणात टाकला.

दुपारी दोनला चर्चा सुरू व्हायची होती. ताई वर प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतला कोट घालून. तिने हात केला नाही, बाईंनीही वर बघितलं नाही. विरोधी पक्षाचे नेते उठले आणि त्यांनी अहवालाऐवजी फेरबदलाचाच विषय काढला. चौदा महिन्यांत एका खात्याला तीन मंत्री, मग उत्तर मागायचं कुणाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता, पण त्यावर समोरून आरडाओरड झाली, मग इकडून झाली, कागद उडाले, अध्यक्ष उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. बाईंच्या तक्त्यात शेवटी एक अरुंद रकाना असे, "व्यत्यय" नावाचा. त्यात त्यांनी वेळ लिहिली. गोंधळ थांबला तेव्हा बेरीज तेवीस मिनिटं झाली होती.

मग मोठ्या पक्षांची भाषणं झाली. त्यांतली बरीचशी दुसऱ्याच कशावर तरी होती. मास्तरांचा क्रम शेवटून दुसरा, वाट्याला सहा मिनिटं. त्यांनी खिशातून ताईचं पत्र काढलं आणि हळूहळू, शाळेत वाचून दाखवतात तसं वाचायला घेतलं. बाईंना वर्षानुवर्षं वाक्यं ऐकू येत नव्हती, पण ही ऐकू आली. ताईचं अक्षरसुद्धा डोळ्यांसमोर आलं. भाऊजी सकाळी न्याहारी न करता कसे गेले, नळापाशी म्हणायचं ते वाक्य त्या दिवशी कसं म्हटलं नाही. पाच मिनिटं झाली. पिवळा. मास्तर वाचत राहिले. लाल. "माझे यजमान आत जायच्या आधी त्यांनी कपाट उघडलं," मास्तर वाचत होते, "आणि त्यात जे होतं ते बघून..."

बाईंनी घंटा वाजवली.

मास्तरांनी मान वर केली आणि ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, दोनच ओळी." बाईंनी नियमाप्रमाणे दहा सेकंद मोजून दुसऱ्यांदा वाजवली. अध्यक्षांनी माइक बंद करायला सांगितला. मास्तरांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग ते खाली बसले.

उत्तराला दहा मिनिटं होती. नव्या मंत्र्यांनी तीनच घेतली. खात्यात येऊन नऊ दिवस झाले आहेत, फाइल पूर्ण वाचलेली नाही, सभागृहाची दिशाभूल करायची नाही. त्या हे खाली बघत म्हणाल्या. वाहतूक खात्यात गेलेले पहिले मंत्री त्यांच्यापासून दोनच खुर्च्या सोडून बसले होते. ते कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते.

ताई बाहेर जिन्याशी थांबली होती. बाई पिशवी घेऊन आल्या. दोघी बसथांब्यापर्यंत चालल्या.

"ती घंटा कोण वाजवतं?" ताईने विचारलं.

"मी."

"वरून तुझा हात दिसत होता. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

"सगळ्यांना तेवढाच वेळ, ताई. सकाळी मी सांगितलं होतं त्यांना, मला बसवू नका म्हणून."

"सांगितलंस ना? मग झालं." बस आली. ताई पुढच्या दाराने चढली आणि पुढेच बसली. बाई मागच्या दाराने चढून मागे उभ्या राहिल्या, खिडकीशेजारची जागा रिकामी असूनही.

त्यानंतर आठवडाभर ताईचा फोन आला नाही. बाईंनी दोनदा केला. दोन्ही वेळा भाऊजींनी उचलला. "ती... कामात आहे," एवढं सांगायला त्यांना दोन श्वास लागले, आणि आपल्यामुळे त्यांना बोलावं लागतंय म्हणून बाईंनी फोन करणं बंद केलं. यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. यजमान काज करत होते. म्हणाले, "तू वाजवली नसतीस तर?"

"तर अध्यक्षांनी वाजवायला सांगितली असती."

"मग ती रागावलीय ती तुझ्यावर नाही."

"माझ्यावरच आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी तिच्या हाताशी नाहीच."

दर आठवड्याला कामकाज समितीची बैठक होई. सगळ्या पक्षांचे प्रतोद, अध्यक्ष, सचिव, आणि मागे भिंतीला टेकून घड्याळबाई. कुठल्या विषयाला किती वेळ दिला आणि किती वापरला, याचं विवरण त्या देत. तीन पानांचं विवरण, आणि तिसऱ्या पानावर व्यत्ययांचा तपशील. नियमात लिहिलेलं होतं, की गोंधळ पंधरा मिनिटांहून जास्त चालला तर तेवढा वेळ चर्चेच्या वेळात धरू नये, समितीने ठरवल्यास तो नंतर द्यावा. "ठरवल्यास" या शब्दावर घोडं अडलेलं होतं. आजवर कुणी कधी मागितलंच नव्हतं, कारण तिसरं पान कुणी वाचत नसे.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी विवरण टाइप केलं. मास्तरांच्या कार्यालयाचा नंबर टेबलावरच्या यादीत होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्यांनी रिसीव्हर उचलला, त्यातला गुणगुणता आवाज जरा वेळ ऐकला आणि खाली ठेवला. टेबलावरच्या माणसाने कुठल्याही सदस्याला युक्ती सांगायची नसते. हे त्यांना कुणी बजावलं नव्हतं, पण एकतीस वर्षांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं. तेवीस मिनिटं त्यांनी तिसऱ्या पानावर, नेहमीच्याच रकान्यात, नेहमीच्याच अक्षरात टाइप केली आणि कागदांना टाचणी मारली.

बैठक जेवणाच्या सुट्टीआधी होती. सगळ्यांना भूक लागलेली. अध्यक्षांनी विवरणाची पानं उलटल्यासारखं केलं आणि दर आठवड्याला विचारत तसं विचारलं, "बाई, बाकी काही?"

या प्रश्नाला बाईंनी अठरा वर्षं एकच उत्तर दिलं होतं, "नाही, साहेब." प्रतोद कागद गोळा करायला लागलेही होते.

"आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "जबाबदारीच्या चर्चेची तेवीस मिनिटं शिल्लक आहेत. तिसरं पान, शेवटची ओळ."

खोलीत पानं उलटल्याचा आवाज झाला. बहुतेकांना तिसरं पान असतं हेच नवं होतं. सत्ताधारी पक्षाचे प्रतोद, तल्लख माणूस, मागे वळून बाईंकडे बघत म्हणाले, "हे आज कसं काय निघालं? तुमचा काही संबंध आहे का या विषयाशी?"

"आहे. त्या केंद्रात होते ते माझ्या बहिणीचे यजमान. चर्चेच्या सकाळी मी सचिवसाहेबांना तसं सांगितलं होतं."

सचिवांनी घसा साफ केला. "नोंद आहे," ते म्हणाले, आणि त्या क्षणी बाईंना त्यांचे फार उपकार वाटले.

"मग तुम्ही हे काढायला नको होतं," प्रतोद म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त कंटाळा होता.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "साहेब, हा रकाना मी दर आठवड्याला भरते. पाठीमागच्या अठरा वर्षांचे कागद आहेत, बघून घ्या. माझा विषय आहे म्हणून मी लपवायला लागले, तर तेही चूकच झालं."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. नियमाचं पुस्तक मागवलं, वाचलं, मिटलं. "अधिवेशनाचा शेवटचा दिवस, शुक्रवार, दुपारी एक," ते म्हणाले. शुक्रवारी एक वाजता सभागृहात कुत्रंही फिरकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विरोध केला नाही. बाहेर पडताना सचिव हळूच म्हणाले, "त्या दिवशी टेबलावर सहायक बसेल. तुम्ही कुठेही बसा."

बाई त्याच संध्याकाळी ताईकडे गेल्या. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बस म्हटलं नाही, पण खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. बाईंनी शुक्रवारचं सांगितलं.

"किती वेळ?"

"तेवीस मिनिटं."

"यांना जिना उतरायलाच तेवढा लागतो," ताई म्हणाली. मग दोन घड्या घालून झाल्यावर म्हणाली, "तू असशील ना?"

"तुझ्या शेजारी असेन."

शुक्रवारी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सभागृह वरून बघितलं. खालून जे भारदस्त वाटे ते वरून अगदीच लहान दिसत होतं. टकलं, विस्कटलेले कागद, बाकांखाली काढून ठेवलेले बूट. जेमतेम तीस माणसं होती. एक सदस्य शब्दकोडं सोडवत होता. टेबलाच्या डाव्या टोकाला सहायक मान ताठ करून बसला होता आणि बटणांवरून त्याची बोटं हलत नव्हती. पहिले मंत्री आपल्या जागेवर होते. एरवी ते आलेही नसते, पण त्यांच्याच खात्याचं एक निवेदन त्यानंतर होतं.

मास्तरांनी या वेळी पत्र वाचलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. मास्कसाठीची पत्रं किती आली? ती कुणी पाहिली? अहवाल सभागृहापुढे का ठेवला नाही? प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट. गणिताचा मास्तर, उगाच शब्द खर्चत नव्हता. मग ते वाहतूक मंत्र्यांकडे वळून म्हणाले, की त्या वेळी त्या खुर्चीवर जे होते तेही आज इथे हजर आहेत, त्यांनाही काही सांगायचं असेल तर सांगावं. अध्यक्षांनी नियम सांगितला. मंत्री आपल्या आजच्या खात्यापुरतंच उत्तर देतो. वाहतूक मंत्री चष्मा पुसत राहिले.

नव्या मंत्री उठल्या. महिनाभरात त्या बऱ्याच दमलेल्या दिसत होत्या. हातात फाइल होती, तिच्यातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या.

"मी फाइल वाचली," त्या म्हणाल्या. "पत्रं तीन आली. पहिल्या दोन पत्रांवर काहीच शेरा नाही. तिसऱ्यावर 'पाहिलं' असं लिहून सही आहे. सही कुणाची, ते अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर आहे. मी ते नाव इथे घेणार नाही, कारण त्यांना उत्तर द्यायची संधी नियमाने आज नाही. पण अहवाल मी आत्ता पटलावर ठेवते आहे. यापुढे तो कुणालाही वाचता येईल." त्यांनी एक जाड प्रत उचलून शिपायाकडे दिली. शिपायाने ती टेबलावर ठेवली. झालं ते एवढंच. कुणी बाक वाजवले नाहीत. वाहतूक मंत्री उठून बाहेर गेले आणि त्यांचं निवेदन राज्यमंत्र्यांनी वाचलं.

सहायकाने घंटा पाऊण मिनिट उशिरा वाजवली. बाईंना ते कळलं. पुढेही त्यांनी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

"संपलं?" ताईने विचारलं.

"संपलं."

ताई लगेच उठली नाही. सज्जातला शिपाई दार बंद करायला आला तेव्हा त्याला म्हणाली, "एक मिनिट बसू द्या हो." तो बाईंना ओळखत होता. तो दाराशी थांबला.

अहवालाची प्रत बाईंनी रीतसर अर्ज करून आणली. रविवारी दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती घेऊन बसल्या. एकेचाळिसावं पान निघालं. सही होती, नाव होतं, तारीखही होती. झडप फुटण्याच्या पाच महिने आधीची. भाऊजींचा उल्लेख "जखमी कर्मचारी क्रमांक तीन" असा होता. ताईने ती ओळ दोनदा वाचली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, "वाचून दाखवू का हो?"

भाऊजी उशांना टेकून बसले होते. "नको," ते म्हणाले. मग थांबले, श्वास घेतला. "काय झालं... ते मला माहीत आहे." पुन्हा थांबले. "मी होतो की तिथे."

ताई परत येऊन बसली. तिने अहवाल मिटला आणि त्यावर हात ठेवला. बाईंनी चहा केला. दोघींनी तो प्यायला, गार होत आलेला. निघताना ताई म्हणाली, "त्या दिवशी बसमध्ये मागे उभी राहिलीस. जागा होती." बाई म्हणाल्या, "दिसली नाही." दोघींनाही ते खोटं आहे हे माहीत होतं आणि दोघींनी ते तसंच राहू दिलं.

पुढे काय झालं, तर फार काही नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. पहिल्या मंत्र्यांनी "आता जुन्या गोष्टी उकरण्यात अर्थ नाही" असं म्हणून हात झटकले, आणि पुढच्या फेरबदलात त्यांना आणखी मोठं खातं मिळालं. त्याच फेरबदलात नव्या मंत्र्यांना वगळलं. कारण कुणी सांगितलं नाही. जाण्याआधी मात्र त्यांनी एक आदेश काढला होता, की सगळ्या जलशुद्धीकरण केंद्रांत नवे मास्क द्यावेत आणि दर महिन्याला ते घालून बघावेत. तो आदेश खोडायचं चौथ्या मंत्र्यांना सुचलं नाही. भाऊजींच्या जुन्या केंद्रातला एक मेकॅनिक सांगत आला, की कपाटाला आता काचेचं दार आहे आणि आत काय आहे ते बाहेरूनच दिसतं. भाऊजींनी ते ऐकून मान डोलावली आणि त्याला विचारलं, पंप नंबर दोन अजून आवाज करतो का?

बाई पुन्हा टेबलावर बसू लागल्या. समितीत अध्यक्ष आता "बाकी काही?" विचारताना आधी तिसरं पान उघडत. त्यातून एक-दोन चर्चांना उरलेला वेळ मिळाला, एकदा तर सत्ताधारी प्रतोदांनीच मागितला. बाईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. दमणूक तीच होती. फक्त कधी कधी घंटेवर बोट ठेवल्यावर त्यांना पुढचं वाक्य ऐकू येई, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त थकवणारं होतं.

थंडी सरली तेव्हा शिंपी यजमान एक दिवस ताईकडे गेले आणि भाऊजींना म्हणाले, "घरात बसून करता काय? दुकानात या. बटणं लावायला मला माणूस मिळत नाही." बटणं लावायला माणूस मिळत नव्हता हे काही खरं नव्हतं. ताई म्हणाली, "यांना सुताच्या धुळीने खोकला येईल." यजमानांनी त्याचा विचार केलेला होता. खुर्ची दाराशी, मोकळ्या हवेत, कापणीच्या टेबलापासून लांब.

आता भाऊजी आठवड्यातून तीन दिवस, सकाळचे दोन तास येतात. ताई त्यांना रिक्षाने सोडते. शनिवारी बाई घरी असल्या की खिडकीतून त्यांना दोघांचं बोलणं ऐकू येतं.

"हे बटण वाकडं लागलंय," यजमान म्हणतात.

भाऊजी सदरा उजेडात धरतात. बघतात. श्वास घेतात. "सदरा... वाकडा आहे," ते म्हणतात आणि पुढचं बटण ओवायला घेतात.